किती केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्यावा? आधी एसीच्या प्लगवर मीटर लावा

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं बैठं घर होतं, त्यावर दोन मजले चढवले. दुसऱ्या मजल्यावर सात वर्षांपूर्वीचा दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे. आता सासूबाईंच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीसाठी दीड टनाचाच इन्व्हर्टर एसी घेतलाय. शिवाय तळमजल्यावर २६० लिटरचा जुना फ्रिज आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीन, आणि ४३ इंची टीव्ही. रात्री जुना एसी सुरू झाला की घरातले दिवे क्षणभर मंदावतात. दुकानदाराचं म्हणणं असं की ५ केव्हीएचा एक मोठा स्टॅबिलायझर घ्या, नवा एसी आणि फ्रिज दोन्ही त्यावर टाका आणि टीव्हीला एक छोटा वेगळा लावा. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर कशाला किती क्षमतेचा घ्यायचा?

ताई, तुमचं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. नव्या एसीला ४ केव्हीए (केव्हीए म्हणजे स्टॅबिलायझर किती भार पेलतो त्याचं माप) पुरे आहे, आणि तोही लागेलच असं नाही, ते मोजल्यावर ठरेल. फ्रिज त्याच्यावर टाकू नका. टीव्हीला स्टॅबिलायझर नको. आणि दिवे मंदावतात ते स्टॅबिलायझर नाही म्हणून नव्हे. ते वायरिंगचं दुखणं आहे, आणि तुमचे पहिले पैसे तिथे खर्च व्हायला हवेत.

ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाऊन दुरुस्तीची कामं करताना मला सत्तावीस वर्षं झाली. स्टॅबिलायझर उघडून दुरुस्त करणं हा त्यातला मोठा भाग. एवढ्या वर्षांत क्षमतेचा प्रश्न लोक नेहमी दुकानात विचारतात, घरात विचारत नाहीत. पण दुकानात तुमच्या घरचं व्होल्टेज कुणालाच माहीत नसतं. ‘दीड टन म्हणजे ४ केव्हीए, दोन टन म्हणजे ५’ हा ठोकताळा चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे.

उरलेला अर्धा भाग समजायला स्टॅबिलायझर आतून कसा असतो ते पाहू. घरगुती स्टॅबिलायझर म्हणजे एक ऑटो ट्रान्सफॉर्मर. त्याच्या वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, ठरावीक ठिकाणी टोकं बाहेर काढलेली असतात, त्याला आम्ही टॅप म्हणतो. आत एक छोटं कार्ड येणारं व्होल्टेज बघतं आणि रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचच्या, मदतीने योग्य त्या टॅपवर जोडणी बदलतं. व्होल्टेज खाली आलं की वीस-तीस व्होल्ट वर ढकलायचं, वर गेलं की तेवढंच खाली दाबायचं, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर जसं आलं तसं पुढे सोडायचं. तो ‘टक’ असा आवाज येतो तो रिलेचा. आउटपुट २३० असं लिहिलेलं असलं तरी रिलेवाला स्टॅबिलायझर बरोबर २३० देत नाही. तो साधारण २०० ते २४५ च्या पट्ट्यात ठेवतो, आणि एसी-फ्रिजला तेवढं पुरतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या घरी दिवसभर २१५ ते २४० येत असेल, तर तो डबा बहुतेक वेळ काहीच करत नाही. फक्त गरम होतो आणि थोडी वीज खातो. घोडबंदर रोडच्या, खारघरच्या किंवा नेरूळच्या ज्या सोसायट्यांच्या आवारातच ट्रान्सफॉर्मर आहे, तिथे मी मीटर लावतो तेव्हा बहुतेकदा हेच दिसतं. तिथे व्होल्टेज कमी असल्याची तक्रार क्वचित येते. पहाटे लोड उतरल्यावर २४८-२५० दिसणं हा तिथला प्रश्न असतो. उलट गावठाणात, डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत, किंवा डीपीपासून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लाइन ओढत ओढत जिथे शेवटचं घर येतं, तिथे मे महिन्याच्या रात्री अकरा वाजता १८५ सुद्धा पाहिलंय. एकाच नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या एकाच उपनगरात, दोन गल्ल्यांचं व्होल्टेज वेगळं असतं. म्हणून शेजाऱ्याने घेतला तोच घेऊ, हे इथे चालत नाही.

आपल्याकडे घरगुती पुरवठ्याचं ठरलेलं व्होल्टेज २३०. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत त्याला सहा टक्के वर-खाली मुभा होती, आणि तोच सहा टक्क्यांचा हिशेब आम्ही आजही धरतो. म्हणजे साधारण २१६ ते २४४. मीटररूममध्येच याच्या बाहेरचा आकडा वारंवार दिसत असेल तर तो तुमच्या घराचा दोष नाही. तिथे तक्रार नोंदवायची. महावितरणचा क्रमांक १९१२. कळवा, मुंब्रा, शीळ, दिवा भागात मार्च २०२० पासून फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवर काम पाहते, तिथे त्यांच्याकडे नोंदवायची. तक्रारीत ‘व्होल्टेज कमी येतं’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ आणि आकडा लिहा. आकडा असला की माणूस मीटर घेऊन येतो.

आता मोजायचं कसं. प्लगमध्ये खोचायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर काही शे रुपयांत मिळतो. मल्टिमीटर वापरायची सवय नसेल तर तोच घ्या, उघड्या टोकांना हात लावायचं काम नाही. तो एसीच्याच प्लगपॉइंटच्या सर्किटवर लावायचा, हॉलमधल्या मोबाइल चार्जरच्या पॉइंटवर नाही. दुपारी तीनला, रात्री दहा-अकराला आणि पहाटे चार-पाचला आकडा लिहून ठेवा. रात्रीचा आकडा दोनदा घ्या: एकदा एसी बंद असताना, एकदा एसी जोरात चालू असताना. रात्रीच्या या दोन आकड्यांतला फरक सगळ्यांत जास्त बोलतो. तो पाच-सहा व्होल्टच्या आत असेल तर तुमची वायरिंग बहुधा ठीक आहे, तरी एसीच्या लाइनची वायर किती जाडीची ते बघून घ्या. पंधरा-वीस असेल तर कितीही महागाचा स्टॅबिलायझर आणा, मूळ रोग तसाच राहील.

कोपरखैरण्याच्या घरांबद्दल इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. सिडकोची ती बैठी घरं बांधली तेव्हा त्यांत दोन पंखे, चार दिवे, एक टीव्ही आणि फार तर एक फ्रिज एवढाच विचार होता. पुढे कुटुंब वाढलं, वर मजले चढले, आणि वायर मात्र खालच्याच बोर्डातून वर ओढली गेली. मी अशा घरांत एसीच्या पॉइंटला १ चौरस मिलिमीटरची वायर लावलेली पाहिली आहे. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. दिव्याची लाइन आधीच वर गेलेली असते, त्यावरच नंतर एसी चढतो.

या वायरीत काय होतं ते आकड्यांतच पाहू. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम असतो. बोर्डापासून एसीपर्यंत २० मीटर अंतर धरलं तर फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) मिळून ४० मीटर वायर, म्हणजे सुमारे ०.७२ ओहम. दीड टनाचा साधा एसी चालताना ८ अँपिअर घेतो, तेव्हा जवळजवळ ६ व्होल्ट वायरीतच जातात. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना सेकंदाच्या काही भागासाठी पाचपट करंट घेतो. ४० अँपिअर धरा. मग २९ व्होल्ट वायरीतच गेले. मीटरपाशी २३० असतात आणि एसीला त्या क्षणी २०० मिळतात. रात्री मीटरपाशीच २१५ असतील तर कॉम्प्रेसरला १८६ मिळतात, तो हुंदके देत सुरू होतो किंवा सुरूच होत नाही. तेच अंतर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरने कापलं तर त्याच ४० अँपिअरला सात-साडेसात व्होल्ट पडतात. बस, एवढाच फरक, आणि दिव्याचं मंदावणं जवळजवळ दिसेनासं होतं.

आता त्या बारीक वायरीवर स्टॅबिलायझर लावला तर काय होईल? त्याला इनपुटला व्होल्टेज कमी दिसतं, तो वर ढकलतो. वर ढकलण्यासाठी लागणारी शक्ती त्याच वायरीतून जास्त करंट खेचून येते. जास्त करंट म्हणजे वायरीत आणखी घट, आणि वायर आणखी गरम. प्लास्टरच्या आत तापणारी वायर कुणाला दिसत नाही. स्टॅबिलायझर लावल्यावर ‘आता बरं चालतंय’ असं वाटतं आणि भिंतीतलं इन्सुलेशन कडक होऊन तडकत असतं. म्हणून मी हे इतक्या आग्रहाने सांगतोय. बारीक वायरीवर लावलेला स्टॅबिलायझर दोष झाकतो, आणि घरात म्हातारी माणसं झोपलेली असतात.

ताई, तुम्ही एक साधी परीक्षा करा. जुना एसी सुरू होताना कुठले दिवे मंदावतात ते पाहा. फक्त त्याच खोलीतले मंदावले तर त्या एका लाइनचा दोष आहे. तिन्ही मजल्यांचे मंदावले तर मीटरपासून घराच्या मुख्य बोर्डापर्यंतची वायर बारीक आहे किंवा कुठलं तरी जोड ढिलं आहे. समोरच्या घरातलेही मंदावले तर बाहेरच्या लाइनचं काम आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. वायरमनला मीटरपासून बोर्डापर्यंतचं प्रत्येक टर्मिनल उघडून बघायला सांगा. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेने इथे तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, स्क्रू ढिले होतात, एमसीबीखालची (जादा करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचखालची) वायर काळी पडते. नुसतं टोक कापून, साफ करून, घट्ट आवळल्यावर दहा-दहा व्होल्ट परत आलेले मी पाहिलेत. त्यानंतर दोन्ही एसींना मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची लाइन आणि स्वतंत्र एमसीबी द्या.

हे झाल्यावर मग क्षमतेचा हिशेब.

पहिली गोष्ट, केव्हीएपेक्षा अँपिअर बघा. ४ केव्हीएला २३० ने भागलं तर १७ अँपिअर यायला हवेत. पण एसीसाठीच्या कितीतरी ४ केव्हीए मॉडेलच्या स्टिकरवर १२ अँपिअर लिहिलेलं असतं. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. बाजारात केव्हीएचा आकडा हा मॉडेलची ओळख म्हणून रूढ झालाय, खरा भार अँपिअरमध्ये लिहिलेला असतो. हिशेब त्या अँपिअरवर करायचा. त्याचप्रमाणे एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, रेटेड करंट आणि कमाल करंट. दीड टनाच्या इन्व्हर्टर एसीत रेटेड साधारण ७-८ आणि कमाल ९-१० च्या आसपास दिसतो. आपण कमाल धरायचा.

दुसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. स्टॅबिलायझर व्होल्टेज वर ढकलत असतो तेव्हा तो स्वतः लाइनमधून एसीपेक्षा जास्त करंट घेत असतो. समजा एसीला १८०० वॉट लागतात. २३० व्होल्टला हे ८ अँपिअरच्या खाली बसतं. लाइनला १७० येत असतील तर त्याच कामासाठी साडेदहा, स्टॅबिलायझरची स्वतःची घट धरून ११. म्हणजे १२ अँपिअरचा ४ केव्हीए इथवर निभावतो. पण लाइनला १४० येत असतील तर हाच आकडा तेराच्या वर जातो. तिथे १२ अँपिअरचा डबा तापतो, वास येतो, आणि एका उन्हाळ्यात बसतो. तिथे ५ केव्हीए घ्यायला हरकत नाही, तोही रुंद रेंजचा. व्होल्टेज जितकं खाली जाणार तितकी क्षमता जास्त लागते. एसी किती टनाचा एवढ्यावर भागत नाही ते याच कारणाने.

रेंज आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्यांची गल्लत फार होते. विहिरीतून पाणी काढायचं तर घागर किती मोठी ही क्षमता, आणि दोर किती लांब ही रेंज. पाणी पन्नास फूट खाली असेल आणि दोर तीस फुटांचा असेल तर मोठी घागर आणून काय उपयोग? बाजारात १७० ते २७०, १५० ते २८०, १३० ते ३०० आणि त्याहून रुंद अशा रेंजचे स्टॅबिलायझर मिळतात. १७०–२७० चा ५ केव्हीए घेतलात आणि रात्री व्होल्टेज १६० झालं, तर तो मुकाट्याने आउटपुट बंद करेल. त्याच पैशांत १५०–२८० चा ४ केव्हीए चालला असता. तुमचा सर्वांत खालचा मोजलेला आकडा घ्या, त्याच्या खाली पंधरा-वीस व्होल्ट सोडा, आणि त्या रेंजचा घ्या. विनाकारण फार रुंद रेंज घेऊ नका. रुंद रेंजसाठी टॅप आणि रिले वाढतात, किंमत वाढते.

इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागतोच का, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, जुन्या एसीसारखा झटका देत नाही. त्यामुळे पाचपट स्टार्टिंग करंटचा हिशेब त्याला लागू नाही. शिवाय त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बरंच रुंद व्होल्टेज सोसतं. कंपनी पुस्तिकेत हा पल्ला लिहिते. तो वाचा, आणि वॉरंटीच्या अटींत स्टॅबिलायझर सक्तीचा आहे का तेही वाचा, कारण काही पुस्तिकांत तशी अट असते. तुमचे चार आकडे त्या पल्ल्यात दोन्ही बाजूंनी ऐसपैस बसत असतील आणि अट नसेल, तर मी स्टॅबिलायझर लावत नाही. त्या पैशांत मुख्य बोर्डावर दुसरं एक काम करून देतो, ते पुढे सांगतो.

तुमचा सात वर्षांचा साधा एसी मात्र वेगळा. त्याचा कॉम्प्रेसर थेट लाइनवर सुरू होतो, त्याला झटक्याचा करंट लागतो, आणि कमी व्होल्टेजला त्याचंच वाइंडिंग जळतं. नवीन वायर टाकल्यावरही रात्री २०५ च्या खाली दिसलं तर ४ केव्हीए पहिल्यांदा त्याला लावा. त्यात तीन मिनिटांचा टाइम डिले असलाच पाहिजे. वीज जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो. त्या दाबाविरुद्ध सुरू व्हायचा प्रयत्न केला की तो जाम बसतो आणि करंट खात राहतो. तीन मिनिटांत दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. काही स्टॅबिलायझरवर हा डिले चालू-बंद करायचं बटण असतं, फिटिंगवाला चाचणी घेताना ते शून्यावर करतो आणि परत करायला विसरतो. तुम्ही बघून घ्या.

फ्रिजचं सांगतो. २६० लिटरच्या जुन्या फ्रिजच्या स्टिकरवर साधारण १ ते सव्वा अँपिअर असतं. सुरू होताना क्षणभर सहा-आठ. त्याला अर्धा केव्हीएचा, फ्रिजसाठीच बनवलेला, टाइम डिलेवाला स्टॅबिलायझर पुरतो. ३०० लिटरच्या वरच्या डबल डोअर किंवा साइड बाय साइडला १ केव्हीए. नवे इन्व्हर्टर फ्रिज पुन्हा रुंद व्होल्टेजवर चालतात, तिथेही आधी पुस्तिका.

एसी आणि फ्रिज एकाच स्टॅबिलायझरवर का नको? करंटचा हिशेब जुळेलही, तरी नको. व्होल्टेज चुकल्यावर तो दोन्ही बंद करणार आणि तीन मिनिटांनी दोन्ही एकाच क्षणी सुरू करणार, म्हणजे दोन झटके एकत्र. पावसाळ्यात-थंडीत एसी चार महिने बंद, आणि फ्रिजच्या एवढ्याशा भारासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस तापणार. आणि तुमच्याकडे तर फ्रिज तळमजल्यावर, एसी वर. मधे एक्स्टेन्शनची वायर ओढावी लागेल, आणि आताच आपण बारीक वायरीचं काय होतं ते पाहिलं.

कमी क्षमतेचा घेतल्याने काय होतं याचं एक उदाहरण सांगतो, कारण लोकांना वाटतं फार तर डबा जळेल, बाकी सामान वाचेल. वर्तकनगरच्या एका घरात मोठ्या डबल डोअर फ्रिजला जुन्या फ्रिजचाच अर्धा केव्हीए लावून ठेवला होता. दोन वर्षं चालला. मग एका सकाळी फ्रिजचं कार्ड गेलं. स्टॅबिलायझर माझ्याकडे आला, उघडला, तर बूस्टच्या रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटलेले. रोजच्या झटक्यांनी ते हळूहळू वितळून वेल्ड झाले होते. म्हणजे स्टॅबिलायझर कायमचा ‘वर ढकल’ या स्थितीत अडकला. दिवसा २१० येतात तोवर आउटपुट २४० होतं, कुणाला कळलं नाही. पहाटे लाइनला २५० आले, त्यावर याने आणखी तीस ढकलले. २८० व्होल्ट फ्रिजला मिळाले, तेही रक्षणासाठी लावलेल्या डब्यातून. म्हणून जुना स्टॅबिलायझर असेल तर वर्षातून एकदा त्याचं आउटपुट मोजा. इनपुट २३०-२४० असताना आउटपुट २५५ च्या वर दिसलं तर तो त्याच दिवशी काढा.

टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, लॅपटॉप, चार्जर यांचं पटकन उरकतो. त्यांच्या मागच्या स्टिकरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आतला वीजपुरवठा स्वतःच स्टॅबिलायझरचं काम करतो. कमी व्होल्टेजचं त्यांना भय नाही. त्यांना मारतो तो क्षणिक मोठा झटका, जूनच्या पहिल्या गडगडाटात येतो तो. त्यासाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि घरात खरं अर्थिंग. खरं म्हणतोय ते मुद्दाम, कारण तीन पिनांचा सॉकेट असूनही मागे अर्थची वायरच नाही अशी घरं मला दर महिन्याला सापडतात, आणि अर्थशिवाय सर्ज प्रोटेक्टर त्याचं बरंचसं काम करू शकत नाही. आणि विजा चमकत असताना केबल, डिश आणि ब्रॉडबँडची वायरही काढा. झटका नुसत्या प्लगमधूनच येतो असं नाही.

गीझरला स्टॅबिलायझर लावणारे मला भेटले आहेत. गरज नाही. तो निव्वळ तारेचा भार. २००० वॉटचा गीझर २०० व्होल्टला साधारण दीड हजार वॉट देतो, पाणी तापायला जास्त वेळ लागतो, एवढंच. वॉशिंग मशीनच्या फ्रंट लोडमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो, तो दोन हजार वॉटच्या आसपास घेतो. म्हणून तिला स्टॅबिलायझर लावायचाच झाला तर छोटा चालत नाही, ३ केव्हीए लागतो. पण तळमजल्यावर तुमचं व्होल्टेज वरच्यापेक्षा नक्की चांगलं असेल. लावू नका. मायक्रोवेव्हचंही तेच.

सर्वो स्टॅबिलायझर पूर्ण घराला लावू का, असंही लोक विचारतात. सर्वो मोटरने सरकणारा कार्बन ब्रश, एक-दोन टक्क्यांत नेमकं आउटपुट, अशी ती वस्तू चांगली आहे, दवाखान्यातल्या यंत्रांना किंवा छोट्या वर्कशॉपला हवीच. घरात तिची किंमत, जागा आणि ब्रशची देखभाल बघता मी सुचवत नाही.

आता ते दुसरं काम, जे मी मगाशी पुढे ढकललं. सोसायटीच्या इमारतीत तीन फेज येतात आणि एक न्यूट्रल. दोन फेजमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट असतात, आणि न्यूट्रल धरून प्रत्येक घराला २३० मिळतात. तो न्यूट्रल मीटररूममध्ये किंवा बाहेरच्या पेटीत कुठे तुटला किंवा ढिला झाला, तर ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज कोसळतं, आणि ज्या फेजवर भार कमी तिथे ३०० च्या वर जातं. घोडबंदर रोडच्या एका इमारतीत असं झालं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो होतो. मीटररूममधला न्यूट्रलचा बोल्ट वर्षानुवर्षं तापून ढिला झाला होता. त्या एका रात्री आठ-दहा घरांतले टीव्ही, राउटर, पंख्यांचे रेग्युलेटर, एसीची कार्डं गेली. ज्यांच्याकडे स्टॅबिलायझर होते त्यांतले काही वाचले, काहींचे स्टॅबिलायझर स्वतःच जळाले, आणि स्टॅबिलायझर फक्त एसीला असल्याने बाकीचं सामान तसंही गेलंच. एक आजोबा मला विचारत होते की तीन स्टॅबिलायझर असूनही असं कसं झालं. त्यांना मी काय सांगणार? त्यांना कुणी मुख्य बोर्डावर लावायच्या वस्तूबद्दल कधी सांगितलंच नव्हतं.

ती वस्तू म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या पेटीतच बसते, दोन-तीन एमसीबींची जागा घेते. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर गेलं की संपूर्ण घराचा वीजपुरवठा लगेच तोडते, आणि व्होल्टेज जागेवर आलं की थोडा वेळ थांबून परत जोडते. वरची मर्यादा २६५-२७० आणि खालची १७०-१७५ ठेवली की आपल्या भागाला जमतं. ४० किंवा ६३ अँपिअरची मिळते, तुमच्या मेन स्विचच्या आकड्याइतकी किंवा त्याहून मोठी घ्यायची. परत जोडायचा वेळ तीन मिनिटं ठेवा, फ्रिजलाही तोच डिले मिळतो. ती व्होल्टेज सुधारत नाही, फक्त तोडते. पण ती फ्रिज, टीव्ही, मशीन, राउटर सगळ्यांना एकदम सांभाळते. आणि कधी घरातला एक दिवा अचानक लख्ख पेटला, पंखा नेहमीपेक्षा जोरात धावू लागला, तर विचार करत बसू नका. मेन स्विच पाडा आणि मग शेजाऱ्यांना हाक मारा.

स्टॅबिलायझर घेताना तांब्याचं वाइंडिंग आहे का ते बिलावर लिहून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे स्वस्त असतात, हातात उचलले की हलके लागतात. ते वाईटच असतात असं नाही, पण त्याच क्षमतेला जास्त तापतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच आधी तापलेली असते. भिंतीवर लावताना पडद्यामागे किंवा बंद कपाटात नको, आणि एसीच्या इनडोअर युनिटच्या बरोबर खाली तर नकोच, ड्रेनचा पाइप तुंबला की पाणी थेट त्याच्यावर येतं. पलंगाच्या डोक्याशी लावला तर रात्रभर रिलेची टकटक ऐकावी लागते, सासूबाईंची झोप मोडेल. एसीचा पॉइंट १६ अँपिअरच्या सॉकेटचा असेल तर प्लग हाताला गरम लागतो का ते पहिल्या आठवड्यात रोज तपासा. मी शक्यतो सॉकेट काढून थेट टर्मिनलवर जोडतो.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात मीटरपासून बोर्डापर्यंतची जोडणी तपासून घ्या आणि दोन्ही एसींना स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची लाइन टाकून घ्या. तेव्हाच पेटीत ६३ अँपिअरचा व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, वायरमनची दुसरी फेरी वाचेल. मग रात्री साडेदहाला दोन्ही एसी चालू ठेवून दोन्ही प्लगवर आकडा घ्या. २०५ च्या वर असेल तर आज काहीच घेऊ नका, पुढच्या मे महिन्यात एकदा पुन्हा मोजा. १७५ ते २०५ असेल तर जुन्या एसीला १५०–२८० रेंजचा, १२ अँपिअरचा ४ केव्हीए, आणि फ्रिजला अर्धा केव्हीए; नव्या एसीचं त्याच्या पुस्तिकेवरून ठरवा. १७५ च्या खाली गेलं तर काही खरेदी न करता मीटरपाशी मोजा. तिथेही तेवढंच कमी असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. जुन्या एसीचं बाहेरचं युनिट जिथे बसवलंय तिथलं स्टिकर उन्हाने पुसलं असेल तर आकडा वाचता येणार नाही, म्हणून वायरमन वर चढेल तेव्हा त्याला क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) चालता करंट मोजून एसीच्या आतल्या झाकणावर मार्करने लिहून ठेवायला सांगा.